कागद आहे, पण सापडत नाही



एका खाजगी कारखान्यात मी केलेल्या कामाविषयी सांगावे म्हणून आपण मला येथे पाचारण केले आहे. कारखाना आणि कचेरी यांच्या व्यवहारात अंतर आहे, हे मी जाणतो. परंतु जपून ठेवलेला कागद हवा तेव्हा हाती न लागणे हे दुखणे दोन्हीकडे सारखेच आहे, आणि म्हणून तो अनुभव आपल्यापुढे ठेवीत आहे.

त्या कारखान्यात संगणकांचे अंतर्गत जाळे, म्हणजे इंट्रानेट, होते. यंत्रदुरुस्तीच्या सूचना, रजेचे नियम, खरेदीचे करार, सभांची इतिवृत्ते असे सारे काही त्यावर होते. शोधासाठी चौकटही होती. पण तिच्या वाटेला कोणी जात नसे. लोक सरळ अभिलेख विभागातील एका जुन्या कारकुनांना फोन करीत आणि ते क्षणात कागदाचा ठावठिकाणा सांगत. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले तेव्हा व्यवस्थापनाला जाग आली.

प्रथम या यंत्रणेचे स्वरूप थोडक्यात सांगतो. आपण शब्द लिहिल्यावर यंत्र कागद चाळावयास बसत नाही. क्रॉलर नावाचा कार्यक्रम आधीच सर्व कागद वाचून ठेवतो आणि ग्रंथाच्या शेवटी असते तशी शब्दसूची तयार करतो. कोणता शब्द कोणत्या कागदात आला, याची ती नोंद होय. त्यातून कोणता कागद वर दाखवावयाचा, हा पुढचा प्रश्न. 'परिपत्रक' हा शब्द सर्वत्र आढळतो, म्हणून त्याचे वजन कमी. 'बाष्पक' मोजक्याच ठिकाणी आढळतो, म्हणून त्याचे वजन अधिक. हे तत्त्व कॅरेन स्पार्क जोन्स या ब्रिटिश विदुषीने १९७२ साली मांडले आणि आजही ते उपयोगात आहे.

कामाला लागल्यावर एक प्रसंग घडला. रात्रपाळीचा एक फिटर बाष्पकाच्या सुरक्षा झडपेविषयीची सूचना छापून पर्यवेक्षकाकडे आला. भिंतीवर लावलेल्या सूचनेतील दाबाचा आकडा आणि त्याच्या हातातील कागदावरील आकडा जुळत नव्हता. खरा कोणता, एवढेच त्याला विचारावयाचे होते. शोध घेता आढळले की, जुन्या, रद्द झालेल्या सूचनेच्या पाच प्रती निरनिराळ्या विभागांत पडून होत्या आणि त्याच यादीच्या माथ्यावर येत होत्या. नवी सूचना यादीत नव्हतीच. कारण ती सही-शिक्क्यानिशी स्कॅन करून ठेवलेली होती. आपल्या डोळ्यांना तो मजकूर. यंत्राच्या लेखी ते केवळ एक चित्र. म्हणजे जो कागद सर्वांत अधिकृत, तोच यंत्राला अदृश्य! त्या फिटरने विचारले म्हणून बरे. न विचारता त्याने झडप बसविली असती तर काय झाले असते, हे मी सांगावयास नको.

त्यानंतर आम्ही तीन आठवडे नवीन काहीच बसविले नाही. चित्ररूप कागदांतील अक्षरे ओळखून घेतली, दुबार प्रती काढल्या, आणि प्रत्येक सूचनेवर तिचा जबाबदार अधिकारी, अंमलाची तारीख आणि ती चालू की रद्द, ही नोंद सक्तीची केली. रद्द कागद नष्ट केले नाहीत. नेहमीच्या यादीतून तेवढे बाजूला ठेवले. या कामाची कुरकूर पुष्कळ झाली, पण ते टाळून चालले नसते.

खरी परीक्षा मराठी मजकुरात झाली. जुने कागद ज्या फॉन्टांत टंकलेले होते, त्यांत पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत रोमन अक्षरांचे संकेत असत. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे. तरी असे फॉन्ट कचेऱ्यांतून पुढे कित्येक वर्षे चालू राहिले. ते सर्व मजकूर रूपांतरित करावे लागले. मग सामान्यरूपाचा प्रश्न आला. 'रजा' शोधणाऱ्यास 'रजेचा', 'रजेवर', 'रजांची' असलेले कागदही मिळाले पाहिजेत. हिंदीसाठी तयार असलेले नियम येथे पुरे पडत नाहीत. 'दुसऱ्या'मधील ऱ्य दोन तऱ्हांनी साठविला जातो, दिसतो मात्र एकच; तो एका रूपात आणावा लागला. देवनागरी आणि इंग्रजी आकड्यांचेही तेच.

शब्दांच्या जोड्या मात्र यंत्र देऊ शकत नाही. नियमावलीत 'बाष्पक', कामगाराच्या तोंडी 'बॉयलर'. कागदावर 'सानुग्रह अनुदान', शोधणारा लिहितो 'बोनस'. कायद्याने ही दोन एक नव्हेत, हे मान्य. पण शोधणाऱ्याला ते ठाऊक असण्याची अपेक्षा का धरावी? या जोड्या आम्हांला त्या जुन्या कारकुनांनीच दिल्या. फोनवर कोण काय विचारते, ते त्यांच्या वहीत होते.

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी एका कर्मचाऱ्याच्या चौकशीचा गोपनीय अहवाल सर्वांच्या यादीत झळकला. दोष शोधयंत्रणेवर आला. वस्तुतः ज्याला जो कागद पाहण्याचा अधिकार, त्यालाच तो दाखवावा, असा नियम तिच्यात होता. पण तो फोल्डर कोणीतरी पूर्वीच सर्वांना खुला केला होता. दार उघडेच होते, आता तेथे दिवा लागला इतकेच. परंतु त्या कर्मचाऱ्याची व्हावयाची ती मानहानी झाली. सर्व अधिकार तपासून होईपर्यंत आम्ही शोध बंद ठेवला. हे काम आधी केले नाही, ही चूक माझी.

आणखी एक गोष्ट. १९८५ साली अमेरिकेत ब्लेअर आणि मॅरन यांनी सुमारे ४०,००० कागदांच्या संग्रहावर पाहणी केली. संबंधित कागदांपैकी निदान ७५ टक्के आपल्या हाती आले, अशी वकिलांची समजूत होती. प्रत्यक्षात सुमारे २० टक्केच आले होते. जे सापडले नाही, ते आहे हेच शोधणाऱ्याला कळत नाही.

म्हणून ज्या शोधांना काहीच उत्तर मिळाले नाही, त्यांची यादी आम्ही शोधणाऱ्यांची नावे वगळून दर आठवड्याला काढू लागलो. पहिल्या यादीत सर्वांत वर होते ते उपाहारगृहाचे खाद्यपदार्थपत्रक! त्याखाली मात्र भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज आणि अपघात-नोंदीचा नमुना होता, आणि हे दोन्ही कागद जाळ्यावर कोणी ठेवलेच नव्हते.

ज्या ग्रामपंचायतीत दोनशे धारिका आहेत, तिला एवढा खटाटोप नको. धारिकेला नीट नाव, तारीख आणि चालू-रद्दची खूण पुरे. मोठ्या कार्यालयाने मात्र यासाठी एक माणूस नेमावा. त्या कारखान्यात कारकूनसाहेब निवृत्त झाल्यावर त्यांची वही एका तरुण लिपिकाकडे सोपविण्यात आली. दर सोमवारी सकाळी तो ती निष्फळ शोधांची यादी वाचतो आणि वहीत नव्या जोड्या लिहितो.