निकाल आणि निषेध



शब्दांवर बोलावे पंडितांनी. माझी शाळा कारखान्याच्या फाटकावर भरली. पण तिथे जो शब्द रोज घोषणेत ऐकला, त्या ‘निषेध’ शब्दाविषयी थोडे बोलतो.

आपल्या वसईतल्या फाटकांवर हिंदी पाटी दिसते: ‘प्रवेश निषेध’. एका नव्या पोराने मला विचारले, “भाऊ, प्रवेशाचा निषेध कुणी केला?” हसू नका. संस्कृतात निषेध म्हणजे मनाईच. ‘त्याला विधिनिषेध नाही’ म्हणताना आपणही तोच अर्थ घेतो. मराठीने मात्र हा शब्द, ज्याच्या हाती मनाईची सत्ता नाही, त्यालाही दिला. मालक मनाई करतो. कामगार निषेध करतो.

हंगेरियन भाषेत ‘एलीतेल’ असे क्रियापद आहे. न्यायाधीश शिक्षा ठोठावतो तेही ‘एलीतेल’ आणि लोक अन्यायाचा धिक्कार करतात तेही ‘एलीतेल’. आपण ही कामे वेगळी ठेवली, हे बरे झाले. 1908 च्या जुलैत मुंबईच्या उच्च न्यायालयात जूरीने 7 विरुद्ध 2 मतांनी लोकमान्यांना राजद्रोहाबद्दल दोषी ठरवले. न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. हा झाला निकाल. त्यावर गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. वर्षाला एक दिवस. गोळीबार झाला, माणसे मेली. हा झाला निषेध. निकालामागे तुरुंग उभा असतो. निषेधामागे निषेध करणाऱ्याचे स्वतःचे पोट.

आता माझी चूक सांगतो. एका कारखान्यात मुकादमाने पगार कापला म्हणून आम्ही द्वारसभेत त्याच्या नावाने निषेधाचा ठराव केला. त्याला विचारलेच नाही. पुढे कळले, कपातीचा हुकूम वरून आला होता. त्याने उलट रदबदली केली होती. साहेबाने चौकशीविना कामगाराला काढले, तर आम्ही न्यायालयात जातो. आणि आम्ही? आरोपपत्र नाही, सुनावणी नाही, थेट निकाल! निषेधाच्या नावाखाली आम्ही न्यायाधीश होऊन बसलो होतो. दुसऱ्या दिवशी त्याच फाटकावर मी त्याची माफी मागितली.

तेव्हापासून एक पथ्य पाळतो. निषेध कृत्याचा करावा. माणसाला दोषी ठरवायचे, तर आधी त्याचे म्हणणे ऐकावे. आणि निषेध करणाऱ्याने आपल्या पदरचे काही मोजावे, निदान एका दिवसाचा रोज. फुकटचा निषेध फाटकाबाहेरच विरून जातो.