परदेशात कंपनी काढताना
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा टँकर कधी येणार, हीच चर्चा असायची. आता सोसायटीतली मुलं परदेशात कंपनी काढायचं बोलतात. माझ्या धाकट्यानं सिंगापूरला काढली. त्यात मी काय शिकलो, ते सांगतो.

तिथे परकी माणूस कंपनीचा शंभर टक्के मालक होऊ शकतो. भांडवल एक डॉलरही चालतं. पण किमान एक डायरेक्टर तिथला रहिवासी लागतो आणि सहा महिन्यांच्या आत कंपनी सेक्रेटरी नेमावा लागतो. परक्याला परस्पर अर्ज करता येत नाही. नोंदणीकृत एजंटामार्फतच जावं लागतं. नोंदणी झटपट झाली. चिरंजीवांनी पेढे वाटले.

पुढे बँकेत खातं उघडायचं होतं. पहिल्या बँकेनं नकार दिला, कारण सांगितलं नाही. दुसरीनं विचारलं, गिऱ्हाईक कोण, पैसा कुठून येणार, तुम्ही भारतात तर कंपनी इथे का? तीन महिने गेले. मुलगा चिडला. मी गप्प होतो. नोकरीत हेच प्रश्न विचारून मीही लोकांना ताटकळत ठेवलं होतं. बाकावर बसणाऱ्याला काय वाटतं, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं.

आता पैशाचं. 2004 मध्ये रिझर्व्ह बँकेनं निवासी माणसाला वर्षाला 25,000 डॉलर बाहेर पाठवायची मुभा दिली. आज ती आर्थिक वर्षाला 2,50,000 डॉलर आहे. एका सल्लागारानं मुलाला सुचवलं, "गिफ्ट म्हणून पाठवा, फॉर्म कमी." मी म्हटलं, अजिबात नाही! भांडवल हे भांडवल म्हणूनच जायला हवं. बँकेमार्फत फॉर्म एफसी भरायचा, युनिक नंबर घ्यायचा, सहा महिन्यांत शेअर मिळाल्याचा पुरावा द्यायचा. कंपनी आपल्या ताब्यात असेल, तर दर वर्षी 31 डिसेंबरपर्यंत कामगिरीचा अहवालही द्यायचा. आपल्या सोसायटीचंच बघा ना. रजिस्ट्रेशन एकदाच झालं. ऑडिट आणि एजीएम मात्र दर वर्षी आहेच.

मुलानं माझ्याकडे पैसे मागितले. मी निम्मी ठेव मोडली. उरलेली निम्मी तुझ्या आईची, तिला हात लावायचा नाही, आणि फ्लॅट गहाण टाकायचा नाही, हे त्याला सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही. कंपनीला अजून नफा नाही. पण कागद स्वच्छ आहेत आणि आम्हा दोघांना रात्री झोप लागते.

कोणाला फॉर्म समजून घ्यायचा असेल, तर रविवारी सकाळी दहानंतर घरी या. चहा आमच्याकडे.