जास्तीची संत्री



आपल्या नागपूर-अमरावतीच्या पट्ट्यात संत्र्याचे पीक वर्षातून दोनदा हाती येते. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया बहार. त्याची फळे दिवाळीच्या मागेपुढे, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत उतरतात. पावसाच्या तोंडाशी फुलतो तो मृग बहार; त्याची फळे फेब्रुवारी ते एप्रिलपर्यंत मिळतात. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर, तिकडे वरूड, मोर्शी, या गावांची ओळखच मुळी संत्र्याने झाली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेहून रोपे आणवली असे सांगतात. २०१४ साली 'नागपूर संत्रे' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. नाव मोठे झाले, झाडेही वाढली. पण ज्या वर्षी पीक दांडगे येते, त्याच वर्षी बागायतदाराच्या तोंडचे पाणी पळते, हे आपण सारे जाणतो. व्यापारी मोठे, चकचकीत फळ उचलतो. बारीक फळ, डाग पडलेले फळ मागे राहते. आणि मग रस्त्याच्या कडेला, नाल्याच्या काठाला संत्र्यांचे ढीग दिसू लागतात.

या ढिगांबद्दल आज बोलायचे आहे. हे फळ वाया का जाते आणि त्यातले किती वाचवता येईल?

पहिली गोष्ट ही की, सगळाच दोष बागायतदाराचा नसतो. आपले संत्रे बांगलादेशात फार जात असे. त्या देशाने आयात कर वर्षावर्षाने वाढवत नेला. २०१९ साली किलोमागे सुमारे वीस रुपये असलेला हा कर २०२३ साली अठ्ठ्याऐंशी रुपयांच्या घरात गेला. तिकडची वाट अरुंद झाली, की तोच माल कळमन्याच्या बाजारात येऊन पडतो आणि भाव कोसळतो. यावर एकट्यादुकट्याचा इलाज नाही. पण भाव कोसळला म्हणजे फळ फेकलेच पाहिजे, असेही नाही. पुष्कळ फळ वाया जाते ते वेळ निघून गेल्यामुळे. कोणते फळ कशाच्या कामाचे, हे तोडणीच्या दिवशी ठरले नाही, तर आठ दिवसांनी ते ठरवण्याजोगे काही उरतच नाही.

संत्र्याचे हे असे का, ते थोडे समजून घेऊ. आपल्या संत्र्याची साल सैल असते. सोलायला सोपी, म्हणून गिऱ्हाईक खूश. पण तीच सैल साल प्रवासात आणि साठवणीत दगा देते. साध्या हवेत, थंडीच्या दिवसांतसुद्धा, हे फळ आठ-दहा दिवस बरे राहते. पुढे ते सुकते किंवा त्यावर हिरवी बुरशी चढते. ही बुरशी धडक्या सालीतून सहसा आत शिरत नाही. तिला चीर लागते, ओरखडा लागतो. फळ ओढून तोडले, की देठाशी साल फाटते आणि तिथेच बुरशीला दार उघडे होते. म्हणून फळ ओढू नये, कात्रीने देठ आखूड ठेवून कापावे. सकाळी दव असताना तोडू नये. ओल्या, ताठ फळाच्या सालीतले तेल दाबाने फुटते आणि काळसर डाग पडतात. ऊन्ह जरा वर आल्यावर तोडणी करावी. टोपलीत वरून फळे टाकू नयेत, ठेवावीत. मजुरांना हे एकदा समजावून सांगितले, तर वाया जाणाऱ्या मालाचा बराच भाग तिथल्या तिथे वाचतो.

आता तोडलेल्या मालाची निवड. झाडाखालीच तीन वाटे करावेत.

पहिला वाटा मोठ्या, निर्दोष फळाचा. तो बाजाराचा. याच मालातले काही थांबवून धरायचे असेल, तर शीतगृह हा उपाय आहे. सहा-सात अंश तापमान आणि हवेत भरपूर ओलावा असेल, तर संत्रे दीड-दोन महिने टिकते. त्याहून फार थंड केले, तर सालीला इजा होते. मात्र शीतगृहात धडकेच फळ न्यावे. फुटलेले, मार लागलेले एक फळ सगळी पेटी नासवते आणि वर भाडे भरावे लागते ते वेगळेच.

दुसरा वाटा बारीक फळाचा आणि ज्याच्या फक्त सालीवर डाग आहेत अशा फळाचा. आतला गर चांगला असतो. खरी जास्तीची संत्री ती हीच आणि इथेच आपल्याला काही करता येते.

तिसरा वाटा गळलेल्या, कुजू लागलेल्या, बुरशी धरलेल्या फळाचा. हे फळ माणसाने खाऊ नये, त्याचा रस काढू नये. कुजका भाग कापून उरलेले रसात घालावे, असे पुष्कळांना वाटते. ते बरोबर नाही. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. पण हे फळ झाडाखाली पडू द्यावे, असेही नाही. कुजलेल्या फळातला रोग जमिनीत आणि पाण्याबरोबर शेजारच्या झाडापर्यंत जातो. बागेपासून आणि विहिरीपासून दूर खड्डा करावा, फळाचा थर, त्यावर शेणाचा आणि मातीचा थर, अशा रीतीने ते पुरावे. भावात तोडणीची मजुरीही निघत नसेल, त्या वर्षीसुद्धा खाली पडलेले फळ वेचून पुरण्याचा खर्च टाळू नये. तो खर्च या पिकाचा नसतो, पुढच्या पिकाचा असतो.

जनावरांना संत्री घालावीत का, असे शेतकरी बंधू विचारतात. धडके, ताजे बारीक फळ थोडेथोडे, चाऱ्याबरोबर घातले तर चालते. एकदम टोपलेभर घातले, की पोटात आंबट वाढून जनावर आजारी पडते. बुरशीचे फळ तर मुळीच घालू नये.

आता दुसऱ्या वाट्याकडे वळू. रस काढावा असे पहिल्याने मनात येते. पण ज्यांनी घरी संत्र्याचा रस काढून ठेवला आहे, त्यांचा अनुभव असा, की सकाळी गोड लागलेला रस संध्याकाळी कडू लागतो. भांडे वाईट होते, कोणाचा हात कडू होता, अशी कारणे मग सांगितली जातात. खरे कारण फळातच आहे. संत्र्याच्या बियांत आणि फोडींच्या पांढऱ्या पडद्यात एक द्रव्य असते. ते मुळात कडू नसते. पण रस काढला, की रसातल्या आंबटपणाशी त्याची गाठ पडते आणि त्याचे हळूहळू कडू द्रव्य बनते. शास्त्रज्ञ त्याला लिमोनिन म्हणतात. रस तापवला, की हे काम आणखी लवकर होते. आपल्या संत्र्याचा रस कारखान्यात टिकवायला कठीण जातो, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

कारण कळले, की उपायही सापडतो. फळ सोलून फोडी मिक्सरमध्ये फिरवू नयेत. त्यात बिया फुटतात. फळ आडवे कापून हलक्या हाताने पिळावे, पडद्यापर्यंत रगडू नये आणि रस लगेच गाळावा. किलोभर फळातून पावशेर-दीडपावशेर रस निघतो, फार झाले तर थोडा अधिक. शेवटचा थेंब काढण्याचा लोभ केला, तर सगळा रस कडू होतो. रस काढून ठेवायचा नाही. त्याच तासाभरात त्याचे सरबत करायचे.

त्याचे प्रमाण असे. एक लिटर रसाला पावणेदोन किलो साखर, एक लिटर पाणी आणि वीस ग्रॅम सायट्रिक आम्ल. साखर, पाणी आणि आम्ल यांना एक उकळी आणून पाक गाळून घ्यावा आणि पूर्ण निवू द्यावा. निवलेल्या पाकात रस मिसळावा. रस उकळायचा नाही. टिकण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट नावाची पावडर मिळते. ती तयार सरबताच्या किलोमागे ०.६ ग्रॅम, म्हणजे वर सांगितलेल्या मापाला सव्वादोन ग्रॅमच्या आसपास लागते. ही पावडर चमच्याने, अंदाजाने घालू नये. सोनाराच्या काट्यावर तोलून घ्यावी. चमचाभर पाण्यात विरघळवून मग मिसळावी. घरात कोणाला दम्याचा त्रास असेल, तर त्यांना हे सरबत देऊ नये. त्यांच्यासाठी ताजा रसच बरा. बाटल्या काचेच्या, उकळत्या पाण्यातून काढून सुकवलेल्या असाव्यात आणि वर बोटभर जागा मोकळी ठेवावी. भांडी स्टीलची घ्यावीत. तांब्या-पितळेला आणि ॲल्युमिनियमला आंबट रस लावू नये. एक भाग सरबत आणि तीन भाग पाणी, अशी ही बाटली उन्हाळ्यात पाहुण्यापुढे येते, तेव्हा हिवाळ्यात फेकले जाणारे फळ कुठे गेले ते कळते.

सालही टाकण्याची वस्तू नाही. निर्दोष सालीचे बारीक काप दोन-तीन पाणी बदलून उकळले, की त्यांचा कडूपणा उतरतो. मग रस, साखर आणि हे काप आटवून मुरब्ब्यासारखा मार्मालेड होतो. सालीत आणि पांढऱ्या भागात पेक्टिन असते, त्यामुळे तो घट्ट बसतो. मात्र फवारणी होऊन किती दिवस झाले ते पाहिल्याशिवाय साल वापरू नये. संत्रा बर्फीसाठी तर आपले नागपूर प्रसिद्धच आहे. खव्याची वस्तू असल्याने ती फार दिवस ठेवता येत नाही. पण बचतगटातल्या भगिनींना सणावारी हा उद्योग जमण्याजोगा आहे.

आता कोणी म्हणेल, घरच्या दहा बाटल्यांनी टनावारी माल कसा संपणार? हे म्हणणे खरे आहे. घर आपल्यापुरते वाचवील. गावाचा माल वाचवायला संघ लागतो, कारखाना लागतो. विदर्भात हा विचार जुना आहे. 'नोगा' हे नाव घरोघरी माहीत आहे. नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन या नावाची ती आद्याक्षरे आहेत. पुढे ही छाप महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे आली. त्या छापाखाली केवळ संत्र्याचे पदार्थ निघत नाहीत; टोमॅटोचा सॉस, जॅम असेही निघतात. यातून शिकण्यासारखे आहे. संत्र्याचा हंगाम काही महिन्यांचा आणि कारखान्याचा खर्च बाराही महिन्यांचा. केवळ संत्र्यावर उभा राहिलेला उद्योग हंगाम संपल्यावर रिकामा बसतो. शिवाय भाव चांगला असला, की बागायतदार कारखान्याला फळ देत नाही आणि भाव पडला, की सगळेच एकदम गाड्या घेऊन उभे राहतात. मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या मिहानमध्ये पतंजलीचा मोठा कारखाना सुरू झाला. दिवसाला आठशे टन फळावर प्रक्रिया करण्याची त्याची क्षमता सांगण्यात आली. अशा ठिकाणी बारीक फळाला वाट मिळू शकते. पण गावातल्या दहा-वीस बागायतदारांनी एकत्र येऊन, हंगामाच्या आधी, किती आणि कोणत्या आकाराचे फळ देऊ हे ठरवले, तरच बोलणी नीट होतात. ढीग पडल्यावर गेलेल्या माणसाला मिळेल तो भाव घ्यावा लागतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक सांगणे. शाळेच्या पोषण आहारात 'तिथिभोजन' म्हणून गावकऱ्यांना आपल्या आनंदाच्या दिवशी मुलांना काही खाऊ घालता येते. संत्र्याच्या गावात बारीक, ताजे, धडके फळ याच निमित्ताने शाळेत यावे. मुलांना मोठे फळ लागत नाही. बारीक फळ त्यांच्या हातात नीट मावते. फळ त्याच दिवशी तोडलेले असावे, धुऊन द्यावे आणि शिक्षकांनी आधी निवडून घ्यावे. सुटीच्या आदल्या दिवशी पोतेभर आणून कोपऱ्यात ठेवू नये. मुलांकडून एक छोटा प्रयोगही करवून घेता येईल. दोन पेल्यांत रस घ्यावा. एक हलक्या हाताने पिळलेला, दुसरा बिया-पडद्यांसह रगडलेला. दोन्ही झाकून ठेवून दोन-तीन तासांनी थेंबभर चाखून पाहावे. लिमोनिन हा शब्द मुले विसरतील, पण कोणता पेला कडू झाला ते विसरणार नाहीत.

नागपुरात १९८५ साली स्थापन झालेली लिंबूवर्गीय फळांच्या संशोधनाची केंद्रीय संस्था अमरावती मार्गावर आहे. तोडणी, साठवण, रोग यांविषयी शंका असेल, तर तिथे किंवा आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे विचारावे. आंबियाची तोडणी सुरू होण्याआधी गावातल्या बागायतदारांनी एक बैठक घ्यावी आणि तीन गोष्टी लिहून काढाव्यात: बारीक फळ अंदाजे किती निघेल, ते कोण घेईल आणि गळलेल्या फळाचा खड्डा कुठे खणायचा. एवढे कागदावर आले, म्हणजे पुढचे काम सोपे जाईल.