औषधदान आणि औषधविवेक
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपल्या परंपरेने सांगितली. परंतु दान अधिक तितके पुण्य अधिक, हा हिशेब औषधाला लागू पडत नाही. डेंग्यूने रुग्णालयात दाखल झालेल्या प्रौढ रुग्णाच्या उशाशी याची विशेष प्रचीती येते.

डेंग्यू हा विषाणूजन्य ज्वर होय. प्रतिजैविके जीवाणूंवर चालतात, या विषाणूवर नाहीत. स्टिरॉइडचा लाभही सिद्ध झालेला नाही. तापासाठी पॅरासिटामॉल द्यावे, तेही ठरलेल्या मात्रेतच. अतिरेकाने यकृताला इजा होते. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयविकारासाठी नित्य अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी ते दाखल होतानाच सांगावे. परस्पर बंद करू नये.

प्लेटलेटचा आकडा घसरला की नातलग रक्तपेढीकडे धावतात. सिंगापूर व मलेशियातील प्रौढ रुग्णांचा एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. प्लेटलेट 20,000 किंवा त्याहून कमी, पण लक्षणीय रक्तस्राव नाही, अशा रुग्णांना केवळ प्रतिबंध म्हणून प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव टळला नाही. उलट दुष्परिणाम अधिक झाले.

मग उपचार कोणता? योग्य मात्रेत द्रव आणि अखंड लक्ष! साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवशी, ताप उतरत असतानाच, रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो. सलाईन कमी पडले तर रक्तदाब कोसळतो, अधिक झाले तर फुप्फुसांत पाणी साचते. म्हणून हेमॅटोक्रिट, रक्तदाब आणि लघवीचे प्रमाण वारंवार पाहावे लागते. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती वा बेचैनी दिसल्यास ताप उतरला म्हणून निश्चिंत राहू नये.

दशलक्षण पर्व भाद्रपदात, म्हणजे डेंग्यूच्याच दिवसांत येते. रुग्णाने उपवास वा रात्रीचा जलत्याग करावा काय? सोळाकारण भावनांत त्याग आणि तप हे शक्तीनुसारच सांगितले आहेत. पाणी हेच ज्याचे औषध आहे, त्याने नियमाविषयी मुनिमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे आणि कुटुंबाने त्याला दोष देऊ नये.

विश्वस्तांना एवढीच विनंती, की रुग्णसाहाय्य देताना महागड्या इंजेक्शनांआधी वेळच्या वेळी होणाऱ्या रक्ततपासण्यांचा आणि रात्रीच्या शुश्रूषेचा विचार व्हावा. अनावश्यक औषध टाळणे हीदेखील रुग्णाविषयीची अहिंसाच आहे.

जय जिनेंद्र!