सामना चालू असताना आत येऊ नका

मी तुमच्या गटांची समन्वयक बोलतेय. एरवी या वेळेला मी हप्ते, व्याज, दशसूत्री असलं काहीतरी घेऊन बसते, आणि तुमच्यातल्या काहीजणी तेवढ्यात म्हशीची धार काढून येतात, हे मला ठाऊक आहे. आज हप्त्याचं एक अक्षर बोलणार नाही. आज अमेरिकेतल्या फुटबॉलबद्दल बोलायचंय. हसू नका, ऐका तर खरं.

2023 सालचा 19 नोव्हेंबर, रविवार होता. सकाळचे सहा वाजले असतील. मी बंब पेटवत होते आणि नणंदेचा फोन आला. ती अमेरिकेत आयोवा राज्यात असते, आयोवा सिटी गावात. जावईबापू तिथे नोकरीला आहेत. आपल्याकडे रविवार उजाडला तरी तिच्याकडे अजून शनिवारची संध्याकाळ होती. म्हणाली, "वहिनी, आज शेजारणीनं मला सामना चालू असताना घराबाहेर काढलं." माझ्या पोटात धस्स झालं. मग ती हसायला लागली. आणि हसता हसता एकदम गप्प झाली.

ती का गप्प झाली ते सांगते. पण आधी हा खेळ काय आहे ते सांगायला हवं, कारण मलाही त्या दिवशीच कळलं. आपण फुटबॉल म्हणतो तो पायानं खेळायचा. तिकडचा फुटबॉल बहुतेक हातानंच खेळतात. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता. एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला अकरा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांच्या हवाली. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे पोचलं की सहा गुण. मधे एकमेकांच्या अंगावर धडाधड पडणं चालूच.

नवलाची गोष्ट अशी की तिथे कॉलेजच्या पोरांचा सामना बघायला लाख-लाख माणूस जमतं. मिशिगन विद्यापीठाचं मैदान 1,07,601 माणसांचं आहे. आपलं मुंबईचं वानखेडे साधारण 33,000 चं. आयोवा सिटीची वस्ती सुमारे 75,000 आणि तिथलं मैदान जवळपास 70,000 चं, म्हणजे जवळजवळ अख्खं गाव आत बसेल. आयोवा, नेब्रास्का, अलाबामा या राज्यांत या खेळाचा मोठा व्यावसायिक संघच नाही. त्यामुळे कॉलेजचा संघ हाच राज्याचा संघ, जो कॉलेजची पायरी कधी चढला नाही त्याचासुद्धा.

आणि वर्षाला नेमाचे सामने किती, तर बारा. त्यातले गावात सहा-सातच. ऑगस्टच्या अखेरीला सुरू होतात, डिसेंबर लागेपर्यंत संपतात. एवढी वाट बघून आलेला शनिवार, मग त्याची जत्रा होणारच. माणसं सकाळीच गाड्या घेऊन मैदानाबाहेर येतात, गाडीचं मागचं फाळकं पाडतात, शेगडी मांडतात आणि तिथेच मांस भाजायला सुरुवात. शेजारच्या गाडीवाल्याला ताट द्यायचंच. नणंद म्हणते, "वहिनी, आपल्या यात्रेत बैलगाड्या सोडून तीन दगडांची चूल मांडतात ना, तस्संच."

जत्रा म्हटली की देव आला, नवस आला. साउथ कॅरोलिना राज्यात क्लेमसन नावाचं विद्यापीठ आहे. तिथे मैदानाच्या कडेला एका चौथऱ्यावर दगड ठेवलाय. खेळाडू त्या दगडाला हात लावूनच टेकाडावरून मैदानात धावत उतरतात. हा दगड आला कुठून? कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली नावाच्या वाळवंटातून कुणीतरी तिथल्या प्रशिक्षकाला, फ्रँक हॉवर्ड यांना, भेट म्हणून आणला. त्यांनी तो काही वर्षं दार आपटू नये म्हणून दाराशी ठेवला होता. 1966 साली तो चौथऱ्यावर चढला आणि पुढच्या वर्षापासून पोरं त्याला हात लावायला लागली. दाराची अडण होती, तिचा देव झाला! आपल्याकडे शेंदूर लावायचा तेवढा उरला असता.

अ‍ॅनापोलिसला नौदलाची अकादमी आहे. तिथली पोरं टेकुमसे नावाच्या पुतळ्याकडे पैसे फेकतात, परीक्षेसाठीही आणि सामन्यासाठीही. एसटी कृष्णेच्या पुलावर आली की आपल्या म्हाताऱ्या खिडकीतून नाणं टाकतात, ते मला आठवलं. इंडियानातल्या नोत्र दाम विद्यापीठात मेरीमातेची गुहा आहे, सामन्याच्या दिवशी तिथे मेणबत्त्यांची रांग लागते.

हे झालं चारचौघांत. घरातलं याहून भारी असतं. गेल्या वेळी जिंकलो तेव्हा जो सदरा अंगात होता तोच घालायचा, आणि जिंकत असेपर्यंत धुवायचा नाही. ज्याची खुर्ची त्यानंच बसायचं. सामना संपायच्या आत "जिंकलो" हा शब्द काढायचा नाही. आणि एखादा माणूस खोलीत आल्यावर समोरच्यांनी गुण घेतले, तर त्या माणसाला बाहेर पाठवायचं. चांगली शिकलेली माणसं हे सगळं करतात. विचारलं तर हसून सांगतात की यावर आमचा विश्वास नाही, आणि तरी करतात.

असं का होतं, यावर स्किनर नावाच्या शास्त्रज्ञानं 1948 साली एक प्रयोग छापला. भुकेली कबुतरं पेटीत ठेवली आणि ठरावीक वेळानं दाणे आपोआप पुढे यायची सोय केली. कबुतरानं काही करो न करो, दाणे येणारच. पण दाणे आले त्या क्षणी एक कबुतर गोल फिरत होतं, त्याला वाटलं फिरल्यामुळेच आले. ते गोल गोल फिरतच राहिलं. दुसरं कोपऱ्याकडे मान उडवत राहिलं. मैत्रिणींनो, मी हे वाचलं आणि पहिल्यांदा माझे सासरे डोळ्यांपुढे आले.

आता माझी गोष्ट. 2 एप्रिल 2011, विश्वचषकाचा अंतिम सामना. लग्न होऊन मला चारच महिने झाले होते. आण्णा, म्हणजे माझे सासरे, दिवाणावर. दीर, नणंद, शेजारची पोरं खाली सतरंजीवर. सेहवाग दुसऱ्या चेंडूवर बाद झाला तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी. सचिन 18 वर गेला तेव्हा मी रिकामे कप न्यायला आलेली. सगळ्यांनी टीव्हीकडून माझ्याकडे मान वळवली. आण्णा काही बोलले नाहीत. नणंद तेव्हा कॉलेजात होती, ती लाडानंच म्हणाली, "वहिनी, तुम्ही आतच थांबा ना."

मी आत थांबले. धोनीचा तो षटकार मी अजून टीव्हीवर दाखवतात तेव्हाच बघते. त्या रात्री मला फक्त फटाके ऐकू आले. मग आण्णांनी मोठ्यानं हाक मारली, "सूनबाई, जिंकलो आपण! तू आत थांबलीस म्हणून." त्यांना वाटलं, माझा मान केला. तेव्हापासून आमच्या घरी भारताचा मोठा सामना म्हणजे मी स्वयंपाकघरात, असा रिवाजच पडला. आणि मीही तो बारा वर्षं पाळला. कुणी मारलं नाही, ओरडलं नाही, हसतखेळत चाललं होतं. तक्रार तरी कशाची करायची?

पण तुम्हीच आठवून बघा, हेच टीव्हीच्या खोलीतून गोठ्यात गेलं की काय होतं. सून उंबरा ओलांडून आली आणि त्याच महिन्यात म्हैस आटली. मग ती पांढऱ्या पायाची. म्हैस आटायचीच होती, दाणे यायचेच होते. पण कबुतर निदान स्वतः गोल फिरतं, दुसऱ्या कबुतराला पेटीबाहेर काढत नाही.

नणंदेच्या फोनकडे परत येते. त्या शनिवारी आयोवाचा सामना इलिनॉय संघाशी होता. शेजारणीनं कौतुकानं घरी बोलावलेलं. नणंद पाणी प्यायला उठली आणि समोरच्यांनी गुण घेतले. परत आली, पुन्हा काहीतरी बिनसलं. शेजारीण हसत म्हणाली, तू जरा व्हरांड्यात थांबतेस का? ही थांबली. नोव्हेंबरची थंडी, अंगावर पातळ स्वेटर. शेवटची पाचेक मिनिटं राहिली असताना आयोवाचा पोरगा चेंडू घेऊन पार गेला आणि सामना 15-13 असा जिंकला. आतून आरडाओरडा ऐकू आला. मग सगळे बाहेर येऊन हिच्या गळ्यात पडले. तुझ्यामुळे जिंकलो म्हणाले, पुढच्या वेळी इथेच उभी राहा.

फोनवर गप्प झाली ती इथे. मग म्हणाली, "वहिनी, दाराबाहेरून आवाज कसा ऐकू येतो ते आज कळलं. मला बारा वर्षं लागली."

मी काय बोलणार? बंबात लाकूड सारलं.

नंतर बराच वेळ ती तिकडचंच सांगत होती. अलाबामा राज्यात ऑबर्न म्हणून गाव आहे. सामना जिंकला की लोक तिथल्या चौकातल्या ओकच्या झाडांवर कागदाच्या गुंडाळ्या फेकतात. कसला कागद, तर संडासात वापरतात तो! सगळं झाड पांढरंशुभ्र. 2010 च्या नोव्हेंबरात ऑबर्ननं 24-0 अशा पिछाडीवरून अलाबामा विद्यापीठाला 28-27 नं हरवलं. अलाबामाच्या एका चाहत्याला ते इतकं लागलं की त्यानं त्या दोन जुन्या झाडांच्या मुळाशी तणनाशकाचं विष घातलं. आणि पुढे जानेवारीत रेडिओच्या कार्यक्रमात फोन करून, ऐकताय ना, रेडिओवर, ते सांगून टाकलं. झाडं वाचवायची खूप खटपट झाली, पण 2013 साली तोडावी लागली. तो माणूस तुरुंगात गेला. 2015 मध्ये तिथे नवी झाडं लावली.

आणि त्याच खेळात हेही आहे. आयोवा सिटीच्या मैदानाला लागून लहान मुलांचं उंच रुग्णालय आहे. दुखण्याईत पोरं वरच्या मजल्याच्या काचेतून सामना बघतात. 2017 साली एका आईनं फेसबुकवर सुचवलं की आपण सगळे मिळून त्यांना हात करू या. तेव्हापासून पहिला डाव संपला की मैदानातली सत्तर हजार माणसं रुग्णालयाकडे वळतात आणि हात हलवतात. समोरचा संघ हलवतो, पंचही हलवतात. वरून पोरं हात करतात. यानं गुण वाढत नाहीत, कुणी तसं मानतही नाही. नणंद एकदा मैदानात गेली होती तेव्हा तिनंही हात केला. म्हणाली, "वहिनी, रडूच आलं."

आणखी एक गंमत तिच्या बोलण्यातून निघाली, म्हणून सांगते. 1976 साली रॉबर्ट चाल्डिनी या अभ्यासकानं आणि त्याच्या सोबत्यांनी तिकडच्या विद्यापीठांतल्या पोरांचं बोलणं तपासलं होतं. कॉलेजचा संघ जिंकला की पोरं म्हणतात "आपण जिंकलो". हरला की म्हणतात "ते हरले".

त्याच रविवारी दुपारी दोनला अहमदाबादला आपला ऑस्ट्रेलियाशी अंतिम सामना होता. फोन ठेवल्यावर माझं ठरलं. दुपारी मी जाऊन सरळ दिवाणाच्या कडेला बसले. आण्णांनी एकदा बघितलं. माझी पोरगी म्हणाली, "आजोबा, आई आज बघणार आहे." आपल्या 240 धावा झाल्या. मग ऑस्ट्रेलियाचे 47 धावांत तीन गडी पडले, आणि आण्णा खूश होऊन म्हणाले, "सूनबाई, आता जागची हलू नको!"

घ्या! बारा वर्षं आत थांब, आता उठू नको. मी म्हटलं बरं, आणि नाही उठले. तो हेड नावाचा फलंदाज हाणत राहिला, त्यानं 137 केल्या, मी तिथेच. आण्णांनी हळूच म्हटलं, "हरले लेकाचे." साडेनऊच्या सुमारास सगळ्यांच्या लक्षात आलं की स्वयंपाक झालेलाच नाही. कुणी काही म्हणायच्या आत आमचे हे उठले आणि कुकर लावला. खिचडीत मीठ अंमळ जास्त पडलं होतं. आण्णांनी दोनदा वाढून घेतली.