कुत्र्याचे घड्याळ



मागच्या खेपेला आम्ही इथे आलो, तेव्हा मागे बसलेल्या एका आजीबाईंनी आम्हाला विचारले होते, "गुरुजी, आमचं कुत्रं रोज दिवस मावळायला वेशीवर जाऊन बसतं. धनी यायची वेळ त्याला कशी ठावी? त्याच्यापाशी काय घड्याळ हाय का?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण उत्तर काही देता आले नाही. "पुढच्या खेपेला सांगतो," असे म्हणून वेळ मारून नेली. तर आज तेच सांगणार आहोत. आणि त्याला जोडून एक गोष्ट अशी सांगणार आहोत, की ती ध्यानात ठेवली तर एखाद्याचा जीव वाचेल.

आधी हे पाहू, की कुत्रा माणसाकडे आला कुठून? गाय, म्हैस, शेळी, कोंबडी ही आपली घरची जनावरे. पण या सगळ्यांच्या आधी माणसाच्या दाराशी आला तो कुत्रा. तेव्हा माणूस शेती करत नव्हता. नांगर नव्हता, पेरणी नव्हती. शिकार करायची, कंदमुळे खायची आणि पुढे चालायचे, असे ते दिवस. कुत्रा हा मूळचा लांडगा. कोल्ह्यापासून तो झाला असे कोणी म्हणतात, ते खरे नाही. फार जुन्या काळी लांडग्यांची जी एक जात होती, तिच्यापासून तो झाला. ती जात आता उरलेली नाही.

याला पुरावा काय? ऐका. जर्मनी देशात बॉन नावाचे शहर आहे. त्याच्याजवळ १९१४ साली खाणीत दगड काढणाऱ्या मजुरांना एक जुनी पुरलेली जागा सापडली. तिच्यात एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्याजवळ एका कुत्र्याची हाडे होती. ही हाडे सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची आहेत. कुत्रा म्हणजे सात महिन्यांचे पिल्लूच होते. त्याचे दात तपासून जाणकारांनी सांगितले, की हे पिल्लू मोठ्या दुखण्याने कितीतरी आठवडे आजारी होते. कोणी पाणी पाजल्याशिवाय, भरवल्याशिवाय ते इतके दिवस जगलेच नसते. आजारी पिल्लू शिकारीच्या काय कामाचे? तरीही कोणीतरी त्याची सेवा केली. म्हणजे माया ही तेव्हापासूनची आहे, मंडळी.

आता तुम्ही म्हणाल, लांडग्याचा कुत्रा होतो कसा? त्याचाही पडताळा एका देशात पाहिला गेला. रशियात, सैबेरियामध्ये, १९५९ साली बेल्यायेव नावाच्या शास्त्रज्ञाने पिंजऱ्यातली रुपेरी खोकडे घेतली. दर पिढीला माणसाला कमी भिणारी, कमी गुरगुरणारी तेवढी निवडायची आणि त्यांचीच पैदास करायची. आपण बियाण्यासाठी चांगले कणीस राखून ठेवतो ना, तसेच. सहाव्या पिढीपर्यंत काही पिल्ले शेपटी हलवू लागली, माणसाचा हात चाटू लागली. पुढे काहींचे कान लोंबू लागले, काहींच्या अंगावर ठिपके आले. कोणी शिकवले नव्हते. नुसत्या निवडीने हे घडले. लांडग्याच्या बाबतीतही असेच झाले असावे. जो कमी भित्रा, तो माणसाच्या उष्ट्याजवळ आला. त्याचीच पिल्ले टिकली. कुत्र्याची गोष्ट मात्र पाचपन्नास वर्षांची नव्हे, हजारो वर्षांची आहे.

आता आजीबाईंचा प्रश्न. कुत्र्याला वेळ कळते का?

घड्याळातले काटे त्याला कळत नाहीत. पण थोडा वेळ आणि पुष्कळ वेळ यांतला फरक कळतो. स्वीडन देशात २०११ साली बारा कुत्र्यांवर हे पाहिले गेले. मालकाने कुत्र्याला घरी ठेवून एकदा अर्धा तास बाहेर राहायचे, एकदा दोन तास, एकदा चार तास. अर्ध्या तासाने मालक परतला, तर कुत्र्याला त्याचे फारसे काही वाटले नाही. दोन तासांनी परतला, तर त्याने शेपटी जास्त हलवली, तो जास्त लगबगीने जवळ आला. दोन तास आणि चार तास यांत मात्र विशेष फरक दिसला नाही.

हे त्याला कळते कशाने? एक तर पोटाने. भूक ठरल्या वेळी लागते. दुसरे उजेडाने. सावली लांबली, की संध्याकाळ. तिसरे आवाजाने. गुरे परत येतात, त्यांच्या घंटा वाजतात, एस.टी. येते, हे सगळे तो ऐकत असतो. माणसाला ऐकू न येणारे बारीक आवाजही त्याला ऐकू येतात. आणि चौथे नाकाने. कुत्र्याचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी तिखट. धनी सकाळी घरातून गेला, की त्याचा वास घरात राहतो आणि हळूहळू विरत जातो. वास इतका विरला, की धनी येतो, अशी खूण कुत्रा धरत असावा, असा काही जाणत्यांचा तर्क आहे. म्हणजे आजीबाई, तुमच्या कुत्र्यापाशी घड्याळ आहे. पण ते नाकात, कानात आणि पोटात आहे!

अशीच एक खरी हकीकत जपान देशातली. तोकियो शहरात उएनो नावाचे एक प्राध्यापक होते. शेतीचे शास्त्र शिकवीत. त्यांचा कुत्रा हाचिको. धनी आगगाडीने परतायची वेळ झाली, की हा शिबुया स्टेशनावर हजर. १९२५ च्या मे महिन्यात प्राध्यापक कामावर असतानाच वारले. हाचिकोला हे कोण सांगणार? तो गाडीच्या वेळेला येतच राहिला. एक दोन दिवस नव्हे, जवळजवळ दहा वर्षे. १९३५ च्या मार्चमध्ये तो मेला. तो जिवंत असतानाच लोकांनी त्याचा पुतळा स्टेशनासमोर उभा केला होता. तो पुढे युद्धात वितळवला गेला, म्हणून १९४८ साली दुसरा बसवला. तो आजही तिथे आहे. हाचिकोला वेळ कळत होती. धनी कधीच येणार नाही, हे मात्र कळत नव्हते.

आता दोन खुळ्या समजुती. रात्री कुत्रे रडले, की गावात कोणी मरते, असे आपण म्हणतो. कुत्र्याला यमदूत दिसत नाही, मंडळी. लांडगे दूरच्या सोबत्याला साद घालण्यासाठी हेल काढतात. तीच सवय कुत्र्यात उरली आहे. दुसरी समजूत, कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात. तेही बरोबर नाही. वर्षाच्या कुत्रीला पिल्ले होतात. सात वर्षांच्या मुलीला कधी मूल होते का? कुत्रा पहिल्या वर्षात भराभर मोठा होतो आणि मग त्याची वाढ सावकाश होते.

आता ती महत्त्वाची गोष्ट. कुत्र्याला वेळ कळते; पण कधी कधी आपल्यालाच ती कळत नाही.

आम्ही शाळेत होतो तेव्हा आमच्या चुलत भावाला कुत्रा चावला. जखम लहानच होती. मोठ्या माणसांनी तिच्यावर तिखट दाबले, वर चुना लावला, मनगटाला दोरा बांधला. जखम भरली. सगळे विसरले. दीड महिन्याने तो पाण्याला भिऊ लागला. तांब्या तोंडाजवळ नेला, की त्याचा घसा आवळे. चार दिवसांत तो गेला. घरच्यांची माया कमी नव्हती. त्यांना माहिती नव्हती. आम्हीच त्याच्यासाठी चुन्याची डबी आणून दिली होती. ते आम्ही आजवर विसरलो नाही.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून हा रोग अंगात शिरतो. एकदा लक्षणे दिसली, की जवळजवळ कोणी वाचत नाही. पण लक्षणे दिसायला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. तोच आपला मोलाचा वेळ. फ्रान्स देशात लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा याची लस टोचली. त्याला कुत्रा चावून दोन दिवस झाले होते. तो मुलगा वाचला.

म्हणून ध्यानात ठेवा. कुत्रा चावला, ओरखडले किंवा उघड्या जखमेला चाटले, तर जखम ताबडतोब साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. तिखट, हळद, चुना, तेल काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोटात चौदा इंजेक्शने देतात, ही जुनी गोष्ट झाली. ती पद्धत बंद पडली. आता लस दंडात देतात. जखम खोल असली, तर तिच्याभोवतीही एक औषध टोचतात. पहिले इंजेक्शन घेऊन थांबू नका. सगळी पुरी करा.

पोरे मार बसेल म्हणून चावलेले लपवतात. त्यांना आजच सांगून ठेवा, की कुत्रा चावला तर कोणी रागावणार नाही, फक्त लगेच सांगा. आणि घरच्या कुत्र्याला दरवर्षी गुरांच्या दवाखान्यात नेऊन लस टोचून आणा.

दवाखान्यात एक कागद देतात. त्यावर पुढच्या इंजेक्शनांच्या तारखा लिहिलेल्या असतात. गेल्या वर्षापर्यंत तुमच्यातले कितीजण तो कागद दुसऱ्याकडून वाचून घेत होते? आता तुम्हाला आकडे येतात, अक्षरे येतात. तो कागद घरात दिसेल अशा जागी लावा, तारीख स्वतः वाचा आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.

कुत्रा नाकाने वेळ ओळखतो. आपण ती वाचून ओळखू या.

राम राम.