गवतातले पाणी आणि मातीतली ओल
(महोत्सवानिमित्त वाडी येथे दिलेले भाषण)



धर्मादाय संस्थेच्या उत्सवात गवताचा विषय कशाला, असे कुणास वाटेल. परंतु विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा 'छप्पनियो' दुष्काळ आठवावा. त्या साली गुजरातेत माणसांबरोबर असंख्य गुरे चाऱ्यावाचून मेली. म्हणून कुरणाचा विचार हेही धर्मकार्यच होय.

भर पावसाळ्यात कापलेल्या १०० ग्रॅम हिरव्या गवतात ७० ते ८० ग्रॅम पाणीच असते. पाने ते हवेत सोडतात आणि मुळे मातीतून भरून काढतात. ओल घटू लागली तरी गवत लगेच वाळत नाही. पानांवरील सूक्ष्म छिद्रे मिटून ते काही दिवस तग धरते. पुढे मातीने धरून ठेवलेले पाणी मुळांना ओढता येईनासे होते. तेथून मात्र गवत झपाट्याने वाळते.

ही वेळ सर्वत्र सारखी नसते. आपल्या काळ्या मातीत १५ टक्के ओल असूनही गवत कोमेजते, कारण चिकण माती पाणी घट्ट धरते. भरड वाळूत तेवढे पाणी टिकतच नाही. कच्छमधील बन्नीच्या कुरणात मातीतले मीठही पाणी अडवते. उथळ मुळांचे एकसाली गवत आधी पिवळे पडते. गुजराती ज्याला जिंजवो व आपण मारवेल म्हणतो, ते बहुवर्षायू गवत मागाहून.

याचा व्यवहारात उपयोग काय? कापणी फुलोऱ्यात करावी. उशीर केल्यास बी झडून सत्त्वहीन काडी उरते. परंतु ओले गवत रचले, तर गंजी आतून तापते, बुरसते, क्वचित पेटतेही. पाणी १५ टक्क्यांच्या खाली उतरल्यावरच गंजी घालावी. उभे वाळलेले गवत तर एका विडीनेही पेटते. म्हणून जाळपट्टे आधीच काढावेत.

विद्यार्थ्यांना एक काम सुचवितो. पावसाळा सरताच दर आठवड्यास १०० ग्रॅम गवत व वीतभर खोलीची १०० ग्रॅम माती तोलावी. वजन घटायचे थांबेपर्यंत दोन्ही वाळवून पुन्हा तोलावीत आणि आकडे शेजारीशेजारी मांडावेत. कापणीचा दिवस आभाळाकडे पाहून नव्हे, तर या वहीवरून ठरविता येईल.

मुक्या जनावराच्या तोंडी वेळेवर घास पडावा, इतकीच या शास्त्राकडून अपेक्षा.